अण्णा घर सोडत नाहीत, पाणी आलं तर मी काय करू?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही कुर्ला पश्चिमेला एका जुन्या एकमजली चाळीत तळमजल्यावर राहतो. मिठी नदी पाच मिनिटांवर. घरात ७६ वर्षांचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते स्वदेशी मिलमध्ये होते. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच. मिस्टर विमानतळावर कार्गोमध्ये रात्रपाळी करतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये नदीकाठच्या क्रांतीनगरच्या लोकांना पालिकेच्या शाळेत हलवलं, तेव्हा आमच्या गल्लीतही भोंग्यावरून सांगत फिरत होते. अण्णा म्हणाले, "२००५ ला एवढं पाणी आलं तेव्हा पोटमाळ्यावर बसून घर राखलं, आता कुठे पळू?" मिस्टर सहारला विमानतळावरच अडकलेले. फोनवर म्हणाले, "तुला वाटेल ते कर." आम्ही थांबलो. पाणी उंबऱ्याला लागलं आणि उतरलं, पण ते तास मी विसरू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी पोरांना घेऊन नेहरूनगरला नणंदेकडे गेले होते, तेव्हा पाणी आलंच नाही. नणंद अजून म्हणते, "ढग दिसला की वहिनीचं बोचकं तयार." असल्फ्याला डोंगरावर माझा भाऊ राहतो. तो म्हणतो, आमच्याकडे पाणी भरत नाही, सगळे इकडे या.

मुलगी जोराचा पाऊस सुरू झाला की पोटात दुखतंय म्हणते. यंदा काय करू? निघायचं की थांबायचं? आणि अण्णा नाहीच उठले, तर त्यांना सोडून जाऊ का?

एक सून, कुर्ला

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. हो. अण्णा नाहीच उठले, तर सासूबाईंना आणि मुलांना घेऊन तुम्ही निघायचं. ते कसं, ते पुढे सांगते. ती वेळच येऊ नये म्हणून काय करता येईल, तेही सांगते.

आता निघायचं की थांबायचं. तुमच्या घरापुरतं माझं मत पक्कं आहे: निघायचं, आणि लवकर निघायचं. लवकर निघणं हुकलं आणि गल्लीत पाणी भरलं, तर मग रस्त्यावर उतरायचं नाही, चाळीतच वरच्या मजल्यावर जायचं. घातक आहे तो या दोहोंच्या मधला मार्ग, "थोडं बघू, वाढलं तर निघू." गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही नेमक्या तिथेच उभ्या होतात. पाणी उंबऱ्यावर थांबलं म्हणून निभावलं. आणखी हातभर चढलं असतं, तर अंथरुणावरच्या बाईला आणि पाच वर्षांच्या पोराला घेऊन तुम्ही पाण्यात उतरला असतात.

मिठीवर "थोडं बघू" का चालत नाही, ते सांगते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटाफुटाने चढताना लोक बघतात, धरणातून किती पाणी सोडलं ते ऐकतात, त्यांना हालचालीला थोडा तरी वेळ मिळतो. मिठी जेमतेम १८ किलोमीटरची. विहार आणि पवई तलावांच्या खालून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. एवढ्या छोट्या नदीत पवईला पडलेला पाऊस कुर्ल्यापर्यंत यायला दिवस लागत नाही, काही तासांत येतो. आणि तुमच्या डोक्यावर किती पडतोय त्यावरून काही कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्या लोकांना उपनगरांत काय चाललंय याची दुपारपर्यंत कल्पना नव्हती.

त्यात भरती. त्या दिवशी दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. समुद्र चढलेला असला की नदी आणि नाल्यांचं पाणी बाहेर जायला जागा राहत नाही, ते वस्तीत तुंबतं. म्हणून पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, वर्तमानपत्रांतही ती छापून येते. ती यंदा कापून ठेवा आणि कालनिर्णयवर त्या तारखांना लाल पेनने गोल करा, वेळेसकट. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, आणि पावसाळ्यातली मोठी भरती आपल्याकडे बहुतेक वेळा अकरा ते तीनच्या दरम्यान येते. म्हणजे अशा दिवशी तुमचा निर्णय सकाळी आठ-नऊला झालेला हवा. तेव्हा रिक्षा मिळते, रस्ता दिसतो, नणंद घरी असते. दुपारी बारानंतर यातलं काहीच हाती राहत नाही.

म्हणून निकष आजच ठरवा, घरातल्या सगळ्यांनी मिळून, आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि साडेचार मीटरची भरती एकाच दिवशी आली, तर सासूबाई आणि मुलं सकाळीच हलणार, पाऊस सुरू झाला असो वा नसो. रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत काही ठिकाणी दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो, हे पुन्हापुन्हा वाचून आपलं मन बोथट झालंय, पण आकडा खरा आहे. क्रांतीनगरमध्ये भोंगा वाजला, तर अलर्टचा रंग न बघता निघणार. आणि हे दोन्ही झालं नाही, पण गल्लीतल्या नळाच्या ओट्यापाशी आपण मारलेल्या रंगाच्या खुणेला पाणी लागलं, तरी निघणार. खूण घोट्याच्या खाली मारा, गुडघ्याला नको. यातलं एक घडलं की चर्चा बंद. त्या क्षणी कुणाला काय वाटतं हे विचारायचंच नाही, कारण त्या क्षणी प्रत्येकाला थांबावंसंच वाटतं.

घोट्याच्या खाली का, हेही सांगते. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. गुडघाभर पाण्यात खांद्यावर पेशंट आणि कडेवर मूल घेऊन जाणं कुणालाच जमत नाही. शिवाय त्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ते काही बेफिकीर नव्हते, घरी चालले होते. म्हणून तुमच्या गल्लीतल्या पोरांना एक गोष्ट हात जोडून सांगा: पाणी लवकर जावं म्हणून गटाराचं झाकण कधीही उघडू नका. उघडणारा चांगल्या हेतूनेच उघडतो, आणि पुढच्या वळणावरून येणाऱ्याला ते दिसत नाही. त्यात विजेचे खांब, खाली लावलेल्या मीटरच्या पेट्या. पाण्यात उतरलेल्या करंटचा अंदाज कुणालाच येत नाही.

आता पोटमाळा. अण्णांनी २००५ मध्ये घर राखलं, ते त्यांच्या हिमतीचं होतं आणि तुम्ही ते मान्य करा. पण तेव्हा ते पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे होते आणि त्यांना फक्त स्वतःला वर चढवायचं होतं. पोटमाळ्याला एकच वाट असते आणि ती घराच्या आतून जाते. खाली पाणी चढलं की तीच बंद होते, वर आढं, बाहेर पडायला काही नाही. सासूबाईंना तर त्या शिडीवरून चढवताच येणार नाही. म्हणून वर जायचं म्हणजे जिन्याने पहिल्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे. कुणाकडे, ते आत्ता विचारून ठेवा. एखादी शेजारीण नाही म्हणणार नाही, पण ऐन वेळी पाच माणसं दारात उभी राहिली तर तिचीही तारांबळ उडते. जायच्या आधी, जमीन कोरडी असतानाच मेन स्विच बंद करायचा आणि सिलिंडरचा रेग्युलेटरही. पायाखाली पाणी आल्यावर मेन स्विचला हात लावायचा नाही.

इथे एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, ती विचारते. तुमची चाळ जुनी आहे म्हणालात. किती जुनी? जिन्याच्या तुळया, वरच्या गॅलरीचे टेकू कोणी तपासलेत का? कुर्ल्यातच नाईकनगरला जून २०२२ मध्ये रात्री जुनी इमारत कोसळली आणि १९ माणसं गेली. म्हाडा आणि पालिका दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात, त्यात तुमची चाळ आहे का ते बघा. असेल, किंवा दारं अचानक अडकायला लागली, नव्या भेगा गेल्या, छताचं प्लॅस्टर पडायला लागलं असेल, तर "वर जाऊ" हा पर्याय तुमच्यासाठी उरतच नाही. मग लवकर निघणं एवढंच.

हाच विचार भावाच्या घराबद्दल करा. त्याचं प्रेम मोठं आहे, पण पावसाच्या रात्री डोंगरउतारावर मुक्कामाला जाऊ नका. त्याच्याकडे पाणी भरत नाही, हे खरं. डोंगरावर धोका भिंतीचा आणि दरडीचा असतो. २००५ मध्ये त्याच दिवशी साकीनाक्याला टेकडी खाली आली आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाडली गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत मध्यरात्री झोपड्यांवर पडली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरला आणि विक्रोळीला तेच झालं. २०१९ आणि २०२१ ला लोक झोपेत होते. पाणी आलं तर वर चढून जीव वाचतो. दरड किंवा भिंत आली तर वर-खाली काही नसतं, तिथून आधीच दूर असावं लागतं.

तेव्हा भावाला उलट तुम्हीच फोन करा. त्याला विचारा, घराच्या मागे भिंत आहे का, तिला पाणी बाहेर पडायची भोकं आहेत का, ती मातीने बुजलीत का. भिंतीला पोट आलंय का, तिच्या बुडातून गढूळ पाणी येतंय का, उतारावरचा एखादा खांब किंवा झाड कललंय का. यातलं काही दिसलं आणि दिवसभर पाऊस लागला असेल, तर त्याने अंधार पडायच्या आत पोराबाळांसकट खाली उतरावं. असल्फ्यात दर वर्षी पाऊस निभावतो, असं तो म्हणेल. भारतनगरच्या लोकांनाही २०२१ पर्यंत तसंच वाटत असणार.

म्हणजे उरतं नेहरूनगर. नणंदेचं घर वरच्या मजल्यावर असेल, तर तीच तुमची जागा. तिचं टोमणे मारणं तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. पण तिच्याशी वाद घालू नका, तिला कामाला लावा. उन्हाळ्यातच जाऊन सांगा, की आईंना यंदा तुमच्याकडे आणायचं ठरलंय, या या तारखांना, त्यांचं अंथरूण कुठे घालायचं तेवढं बघून ठेवा. तिचीच आई आहे. मे महिन्यात शांतपणे विचारलं तर ती जागा करेल. तुम्हाला पश्चिमेकडून पूर्वेला जायचंय, म्हणजे रुळांच्या पलीकडे. सबवेतून जायचा विचारही नको, पाऊस लागला की पुलावरूनच.

आणि तुम्ही नणंदेकडे गेलात त्या वर्षी पाणी आलं नाही, त्याबद्दल. ताई, तुम्ही चुकला नव्हता. एक रात्र, रिक्षाचं भाडं आणि मुलांची थोडी झोप एवढंच गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ मुंबईवर येतंय म्हणून किनाऱ्यावरच्या वस्त्यांतली माणसं हलवली होती. वादळ आपल्याकडे न येता रायगडात शिरलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडला नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं, पत्रे उडाले. वादळाची वाट थोडीशी इकडे सरकली असती तर हीच अवस्था वरळीच्या आणि मढच्या कोळीवाड्यांची झाली असती. त्या दिवशी घर सोडणाऱ्यांना मुंबईत कुणी वेडं म्हणत असेल तर त्याने श्रीवर्धनला जाऊन यावं. आधी निघायचं म्हटलं की बऱ्याचदा उगाच निघाल्यासारखं होणारच. ते धरून चालायचं.

आता अण्णा. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण मी पालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि पावसात आमचे वर्ग लोकांसाठी उघडायचे. बाकांवर बसलेले म्हातारे मी पाहिलेत. त्यांना हट्टी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांच्या मनात काय असतं ते ऐकलं की हट्ट वाटत नाही. एकाला चोरीची भीती असते. दुसऱ्याला कागदांची. नदीकाठी राहणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य फोटोपासात (झोपडीधारकाच्या सरकारी ओळखपत्रात), जुन्या लाइट बिलात आणि रेशनकार्डात असतं. मिठीच्या कामासाठी कधी नोटीस येईल, कधी सर्व्हे होईल, त्या वेळी आपण घरात नसलो तर अपात्र ठरू, ही धास्ती त्यांनी वर्षानुवर्षं उराशी धरलेली असते. आणि तिसरी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही: संडास. शंभर माणसांत दोन संडास, ओली जमीन, उकिडवं बसता येत नाही, रात्री चारदा उठावं लागतं. माझ्या वर्गात एका आजोबांनी शाळेतून बाहेर पडेपर्यंत पाणी प्यायला नकार दिला होता. कारण नंतर कळलं.

तेव्हा अण्णांना भीती घालू नका. भीती त्यांनी २००५ मध्ये पाहिलीय. त्यांच्याशी मोकळ्या दिवशी बसा, मिस्टरांची सुट्टी असेल तेव्हा, आणि विचारा, "अण्णा, घर सोडायचं म्हटलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त काय टोचतं?" आणि मग गप्प बसा. कागदांचं निघालं, तर त्यांच्या देखत सगळे कागद प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घाला, फोनवर फोटो काढा, एक झेरॉक्स संच नणंदेकडे ठेवा. पुरात एक रात्र घर बंद ठेवून गेल्याने कुणाचा हक्क जात नाही, हे त्यांना वस्तीत ज्यांच्या शब्दाला ते मान देतात अशा माणसाकडून ऐकू द्या. सुनेच्या तोंडून ते पटत नसेल, तर त्यात कमीपणा मानू नका. चोरीचं असेल, तर गणपती मंडळाच्या पोरांना सांगा. वरच्या मजल्यावर राहणारी दोन-तीन पोरं गल्लीवर नजर ठेवतात आणि त्यांना असं काम मनापासून आवडतं. संडासाचं असेल, तर त्यांचा विषय काढू नका. आईंसाठी घडीची कमोड खुर्ची आणलीय म्हणा, नणंदेकडे नेऊन ठेवा, तेही वापरतील.

आणि त्यांना काम द्या. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. खुणेवर नजर ठेवायची, मेन स्विच बंद करायचा, कुलूप लावायचं, किल्ली आणि कागदांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावायची, हे सगळं अण्णांचं. फ्रिजवरच्या त्या कागदावर अण्णांची सही घ्या. मी थट्टा करत नाही. ज्याच्या हाताने ठरलंय, तो माणूस त्या दिवशी स्वतःचा शब्द मोडायला कचरतो.

हे सगळं करूनही ते त्या सकाळी म्हणाले, "तुम्ही जा, मी बसतो," तर वाद दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. त्यांना पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे बसायला सांगा, पोटमाळ्यावर नको. त्यांच्याजवळ चार्ज केलेला फोन, टॉर्च, पिण्याचं पाणी, गोळ्या आणि काहीतरी कोरडं खाणं ठेवा. शेजाऱ्यांना आणि मंडळाच्या पोरांना सांगा, आणि पालिकेच्या आपत्ती कक्षाला १९१६ वर फोन करून कळवा की या पत्त्यावर एक वयस्कर गृहस्थ मागे राहिलेत. मग निघा. मागे वळून बघत राहू नका. त्यांच्यासाठी थांबून सासूबाई आणि दोन मुलं पाण्यात अडकवायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि अण्णांना तर नाहीच. माझा अनुभव असा, की बायकामुलं खरोखर दाराबाहेर पडली की घरातली वडील माणसं बऱ्याचदा चप्पल घालतात. पण त्या भरवशावर राहू नका.

सासूबाईंना हलवायची तालीम एकदा करून बघा. पाठुंगळी नाही. हातांची मजबूत प्लॅस्टिकची खुर्ची, कमरेला आणि छातीला चादरीने सैलसर बांधायचं, चौघांनी चार बाजूंनी धरायचं. रिक्षापर्यंत एकदा नेऊन आणा, म्हणजे कुठे अडतं ते कळतं. त्यांची पिशवी वेगळी: आठवड्याच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डायपर, प्लॅस्टिकचा कागद, दोन गाऊन.

मिस्टरांना माझा निरोप द्या. "तुला वाटेल ते कर" हे वाक्य वाईट हेतूने बोललेलं नसेल, पण त्याने सगळं ओझं तुमच्या एकटीवर आलं. त्यांनी निकष ठरवताना बसायला हवं आणि त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणायला हवं, "ठरलंय तसं निघा." आणि त्यांच्या स्वतःसाठी नियम उलटा आहे: ते कामावर असताना पाणी भरलं, तर त्यांनी तिथेच थांबायचं. सफेद पुलाकडून चालत घरी यायचं नाही. २००५ ला घरच्या ओढीने निघालेली किती माणसं रस्त्यात गेली, किती जण बंद पडलेल्या गाड्यांत काचा उघडेनात म्हणून आतच गुदमरले. सहारच्या पक्क्या इमारतीत ते सुरक्षित आहेत. एकाच घरातल्या दोन माणसांसाठी त्याच तासाला दोन वेगळी उत्तरं बरोबर असू शकतात. मुलं शाळेत असतील तर तेच. २६ जुलैला आमच्या शाळेत कितीतरी मुलं रात्रभर राहिली, वरच्या मजल्यावर, बिस्किटं खाऊन. सकाळी सगळी धड घरी गेली. आम्हाला काळजी होती ती त्यांना न्यायला छातीभर पाण्यातून येणाऱ्या आयांची.

नणंदेकडे जाणं एखाद्या दिवशी जमलं नाही, तर पालिकेची शाळा. कुर्ला एल वॉर्डात येतं. वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा, तुमच्या गल्लीसाठी कोणती शाळा ठरलीय, आणि अंथरुणावरचा पेशंट असेल तर जिन्याची काय सोय. हे मे महिन्यात विचारलं की लोक नीट उत्तर देतात.

पाणी ओसरल्यावर घरी परतलात, तर वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. प्यायचं पाणी उकळून. आणि ज्या कुणाचे पाय त्या पाण्यात गेले असतील, विशेषतः पायाला जखम किंवा चिखल्या असतील, त्यांनी ताप यायची वाट न बघता एक ते तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जावं. लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, तिथले डॉक्टर वय बघून प्रतिबंधक औषध देतात. २००५ ला पाणी गेल्यानंतर या तापाने पुन्हा माणसं नेली होती.

राहिली तुमची लेक. पाऊस आला की तिचं पोट दुखतं, ते नाटक नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तिने मोठ्या माणसांना वाद घालताना आणि कुणालाच काही सुचत नाही हे बघितलं. अकरा वर्षांच्या मुलीपासून हे लपवू नका, तिला निकष ठरवायला सोबत बसवा. आत्याचा पत्ता आणि दोन फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. अण्णांबरोबर नळाच्या ओट्यावर रंगाची खूण तिलाच मारू द्या. धाकट्याचा हात धरून चालणं हे तिचं काम, बाकी काही नाही, हे तिला स्पष्ट सांगा, नाहीतर ती अख्ख्या घराची काळजी स्वतःवर घेईल. आणि तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा भेटून या पोटदुखीचं सांगा, म्हणजे पावसाच्या दिवशी वर्गात ती गप्प झाली, तर बाई तिला घरी पाठवायची घाई करणार नाहीत.